सुखोई म्हणजे सुका

नाशिकजवळच्या ओझरला सुखोई विमानं तयार होतात. त्यांना ज्याचं नाव मिळालं, त्या पावेल सुखोई (१८९५–१९७५) या विमानरचनाकाराचं आडनाव म्हणजे एक साधं रशियन विशेषण आहे. अर्थ सुका, कोरडा. संस्कृत 'शुष्क', मराठी 'सुका' आणि रशियन 'सुखोय' ही एकाच मुळाची भावंडं.

आडनाव झालं तरी विशेषणाचा स्वभाव जात नाही. याच आडनावाची बाई 'सुखाया' होते. पाव पुल्लिंगी, म्हणून 'सुखोय ख्लेब'. सदरा तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'सुखाया रुबाश्का'. वाइन नपुंसकलिंगी, म्हणून 'सुखोये विनो'. सुका, सुकी, सुकं! घरात तीन लिंगं नांदवणाऱ्या मराठी माणसाला यात नवल ते काय? अनेकवचनात तर रशियन आपल्याहून सोपी. आपण सुके पाव, सुक्या भाकऱ्या, सुकी पानं म्हणतो. तिकडे सगळ्यांना मिळून एकच 'सुखीये'.

गंमत 'आहे'ची आहे, कारण वर्तमानकाळात रशियन माणूस ते म्हणतच नाही. 'ख्लेब सुखोय' म्हटलं की 'पाव सुका आहे' हे पुरं वाक्य झालं. नामाआधी विशेषण आलं तर नुसतं वर्णन, मागून आलं तर बहुधा विधान. आपल्यालाही हे अगदीच परकं नाही: 'नाव मोठं, लक्षण खोटं' यात 'आहे' कुठे आहे? भूतकाळात मात्र क्रियापद हजर होतं, तेही लिंग बदलत: बिल, बिला, बिलो. आपलं होता, होती, होतं.

खरी नजाकत विशेषणाच्या आखूड रूपात. 'ओन बल्नोय' म्हटलं तर तो आजारी प्रकृतीचाच. 'ओन बोलिन' म्हटलं तर सध्या आजारी आहे. हे आखूड रूप फक्त विधानात चालतं, नामाआधी लावता येत नाही. मूळ जुनं रूप तेच. त्याला सर्वनाम चिकटून लांब रूप घडलं.

काही विशेषणं मात्र कुणालाच दाद देत नाहीत. आपल्याकडे खाकी सदरा, खाकी टोपी, खाकी कापड, सगळीकडे 'खाकी'च. हाच हिंदुस्तानी शब्द इंग्रजीमार्गे रशियात गेला, आणि तिथेही तो बदलत नाही. फक्त नामाच्या मागे जाऊन उभा राहतो: 'रुबाश्का खाकी'.