देवमाशाचं गाणं घराघरात पोहोचलं, जाळ्याची बातमी मागे राहिली

बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपताना फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या ध्वनिफितीत हम्पबॅक देवमाशांचे सूर उतरले. ते त्यांनी जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांच्या हवाली केले. पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी त्यांचे आलेख काढले, तेव्हा दिसलं की ठरावीक सूर ठरावीक क्रमानं पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे हे गाणंच! १९७० साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. १९७९ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नं एक कोटीहून जास्त अंकांसोबत त्याची पातळ तबकडी वाटली. ज्याच्याकडे लोक तेल आणि मांस म्हणून पाहत होते, तो प्राणी गात होता. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे शिकार आयोगानं देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. त्याला घटती संख्या कारण होतीच, पण लोकांचा रेटा या सुरांनी वाढवला.

पूर्व प्रशांत महासागरात ट्यूना मासे डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतात, म्हणून बोटी डॉल्फिनलाच जाळ्यानं घेरायच्या. १९८८ मध्ये त्यांच्या तडफडीचं चित्रण टीव्हीवर आलं आणि १९९० साली अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी असा ट्यूना घेणं बंद केलं.

आजचं मरण मात्र कॅमेऱ्यात सहसा सापडत नाही. दरवर्षी अंदाजे ३ लाख देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखेच छोटे प्राणी) मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात. हे सगळे हवेत श्वास घेणारे सस्तन प्राणी. वर येता आलं नाही की गुदमरतात. डॉल्फिन आणि पॉरपॉइज स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखतात, पण नायलॉनच्या बारीक धाग्यावरून तो फार क्षीण परततो, त्यामुळे जाळं वेळेत कळत नाही. मच्छीमाराला तर डॉल्फिन नकोच असतो, त्याचं जाळं फाटतं. दोषी म्हणून बोट दाखवायला इथे कुणी नाही, आणि बातमीला असा कुणीतरी लागतो. मेक्सिकोच्या व्हाकिटा या छोट्या पॉरपॉइजचे फोटो जगभर फिरले, पण ज्यांत त्या अडकतात ती तोतोआबा माशासाठीची जाळी समुद्रात राहिली. आता जेमतेम दहा व्हाकिटा उरल्या आहेत. मला वाटतं, पत्रकारांनी त्या मच्छीमारांच्या घरी जायला हवं होतं: जाळं सोडलं तर त्यांनी खायचं काय?

किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनची बातमी मात्र हमखास छापली जाते. तिच्यात दोन ओळी दर वेळी असाव्यात: प्राण्याला ओढून समुद्रात ढकलू नका, आधी वनखात्याला किंवा बचाव पथकाला कळवा. त्वचा ओली ठेवा, पण डोक्यावरच्या श्वसनछिद्रात पाणी जाऊ देऊ नका.