घोरण्याचं निमित्त

नात राहायला आली की काकू तिच्याशेजारी अंथरूण घालतात. नात परत गेली तरी अंथरूण तिथंच. ‘तुमच्या घोरण्यानं झोप लागत नाही,’ हे कारण. काका पलंगावर मोबाइल बघत झोपी जातात.

हे काका-काकू कल्पनेतले, पण ओळखीचे वाटतील. काकूंची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो आणि संबंधाच्या वेळी आग होते. काकांना पंधरा वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे लिंगाची ताठरता टिकत नाही. फजिती नको म्हणून ते जवळच जात नाहीत. काकूंना वाटतं, ‘माझ्यात आता काय उरलंय?’ काकांना वाटतं, ‘हिला नकोच आहे.’ बदल झाला शरीरात आणि दोघांनी त्याचा अर्थ लावला मनाचा.

अमेरिकेत 57 ते 85 वयाच्या 3005 जणांशी बोलून केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 57 ते 64 वयोगटात 73 टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते, 75 ते 85 मध्ये 26 टक्के. आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडे दोन खोल्यांत तीन पिढ्या झोपतात, तेव्हा ते जसेच्या तसे लावू नयेत. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सक्रिय असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना काही ना काही त्रास होता. पण पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी बोललेले पुरुष 38 टक्के आणि बायका फक्त 22 टक्के. म्हणजे तिकडेही अळीमिळी गुपचिळीच!

हे गप्प बसणं कधी कधी महागात पडतं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबी साठू लागली की आधी त्या तुंबतात. छातीत दुखायच्या काही वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू होऊ शकते. अशा वेळी गुपचूप मेडिकलमधून ‘ती’ गोळी आणणं हा वाईट मार्ग. सिल्डेनाफिल, म्हणजे ‘ती’ ताठरतेची गोळी, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट एकत्र आल्या तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. शिवाय रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांमुळेही ही अडचण येते. डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात, मात्र आपल्या मनानं ते बंद करायचं नाही.

काकूंचा त्रास तर बऱ्याचदा सहज आटोक्यात येतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारं वंगण-जेल मिळतं. तेवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं मलम देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगायला हवं. आणि दरवेळी संबंध झालाच पाहिजे असं कुठं आहे? पाठीवरून फिरलेला हात, शेजारी झोपणं, हीसुद्धा जवळीकच. इच्छा आधी आणि स्पर्श मग, हा क्रमही ठरलेला नसतो. अनेकांना स्पर्शानंतरच इच्छा जागी होते.

राहिलं बोलणं. ते अंथरुणात, दिवा मालवल्यावर काढू नये. तिथं प्रत्येक शब्द तक्रारीसारखा ऐकू येतो. मटार सोलताना बरं. हात कामात, नजर शेंगांवर.

‘अहो, मला आग होते हो तिथं. म्हणून लांब झोपते.’

काका थोडा वेळ शेंगाच सोलत राहतील. मग म्हणतील, ‘म्हणजे मी घोरत नाही?’