पाणी निळं झालं, म्हणजे पारा सापडला?

सोन्याचे 13 नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे असले की द्रावण कोकम सरबतासारखं लाल दिसतं. तेच कण एकमेकांना चिकटले की जांभळं, मग निळसर करडं. सुटे कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. गुठळी झाली की हे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. 1996 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने असे कण डीएनएच्या धाग्यांनी जोडून दाखवले. डीएनएची चाचणी नुसत्या डोळ्यांनी वाचण्याची वाट तिथून उघडली.

पाण्यातल्या पाऱ्यासाठी तर धागा कणांना पक्का जोडावाही लागत नाही. डीएनएच्या चार ‘अक्षरांपैकी’ एक थायमिन; अशा दोन थायमिनच्या मधोमध पाऱ्याचा आयन नेमका बसतो. थायमिनने भरलेला एकेरी धागा एरवी लवचिक असतो, सोन्यावर पसरून बसतो आणि मीठ घातलं तरी कणांना गोळा होऊ देत नाही. पारा मिळाला की धागा हेअरपिनसारखा दुमडतो, सोन्यावरची पकड सुटते आणि त्याच मिठाने उघडे कण निळे पडतात.

कण घरचेच करता येतात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घरचे. 1 मिलीमोलर क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचं संयुग) 100 मिली उकळत ठेवायचं, जोरात ढवळत 38.8 मिलीमोलर सोडियम सायट्रेट 10 मिली एकदम ओतायचं. फिकट पिवळा रंग उडतो, द्रावण काळपट होतं आणि काही मिनिटांत लालभडक. सोन्याचं हे संयुग धातूच्या चमच्याने काढू नये, चमचाच खाल्ला जातो. भांडं आम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेलं नसेल तर गुठळ्या ठरलेल्या. तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवावं, पण गोठलं की संपलं.

खरी मेहनत मिठाची. धागा न घातलेलं सोनं पाचेक मिनिटांत निळं होईल आणि धागा घातलेलं लालच राहील, असं कमीत कमी प्रमाण शोधायचं. कणांची खेप बदलली की पुन्हा. मीठ म्हणून सोडियम नायट्रेट बरं, कारण क्लोराइड पाऱ्याला स्वतःकडे ओढतं. क्रमही पाळायचा: आधी नमुना आणि धागा, मग सोनं, शेवटी मीठ. निकाल नजरेवर न सोडता 620 आणि 520 नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर काढावं.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इतकं असतं की पारा नसतानाही रंग पालटू शकतो. दुधात उलटं: प्रथिनं सोन्यावर चढतात आणि काहीही घातलं तरी लालच. नमुना पातळ करून थोडं निभावतं, पण पाराही पातळ होतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी पाऱ्याची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे 5 नॅनोमोलर आहे. या साध्या रीतीत डोळ्यांना फरक दिसायला बहुधा त्याच्या कितीतरी पट पारा लागतो. त्यामुळे ‘लाल राहिलं, पाणी चांगलं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून शेजारी आणखी एक नळी हवीच: धागा तेवढ्याच लांबीचा, पण थायमिनऐवजी अॅडेनिन या दुसऱ्या अक्षराचा. तीही निळी झाली तर पाऱ्याचं नाव घेऊ नये. आर्सेनिकच्या बाबतीत हेच अंगाशी आलं. बरीच वर्षं वापरात असलेला ‘आर्सेनिक पकडणारा’ धागा मुळात आर्सेनिकला चिकटतच नाही, असं 2019 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून आलेल्या शोधनिबंधाने दाखवलं. आर्सेनिक थेट सोन्यावरच बसत होतं.