सोडलेली हवा परत भरताना

पेट्रोल पंपावरचा हवेवाला विचारतो, "किती टाकू?" आपण म्हणतो, "बत्तीस." बत्तीस काय, ते कुणी बोलत नाही. ते असतं पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३२ पौंड. आपल्या मापात सांगायचं तर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो.

डांबरावर हा आकडा उत्तम. पण जुलैत घोटीहून वैतरणेकडे जाताना रस्ता सोडून भातखाचरांकडच्या वाटेला लागलं की तोच नडतो. गणित सोपं आहे. १८०० किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ४५० किलो येतात. चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब, तर हा भार पेलायला २०० चौरस सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे एवढं ओझं जेमतेम दीड पोस्टकार्डावर उभं! हवा १८ वर आणली की तीच जागा साडेतीनशेच्या घरात जाते. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी येतो. पण फरक चालवणाऱ्याला लगेच कळतो. टायरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, चाक थोडंफार रणगाड्याच्या पट्ट्यासारखं वागायला लागतं आणि रुतायचं थांबतं.

हवा सोडायला पैसे पडत नाहीत. व्हॉल्व्हची पिन दाबून धरायची, बस. खरी गोम परतीला आहे. १८ च्या हवेवर मुंबई-आग्रा महामार्गाला लागलात, तर टायरची भिंत दर फेऱ्याला वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन आतच राहते. वेग जितका जास्त तितके फेरे जास्त, आणि तापलेला टायर शेवटी फुटतो. म्हणून डांबराच्या कडेलाच हवा भरायला हवी, आणि तिथे पेट्रोल पंप नसतो. तर हवेची सोय गाडीतच करायची.

मीही केली. आधी चुकीची.

किती हवा लागते ते आधी पाहू. थारसारख्या गाडीच्या एका टायरच्या पोटात अंदाजे ६५ लिटर जागा असते. (थार आमच्या नाशिकच्या कारखान्यात बनते, म्हणून उदाहरणालाही तीच.) १८ वरून ३२ वर जायला बाहेरची सुमारे ६० लिटर हवा आत कोंबावी लागते. चार चाकांची मिळून झाली अडीचशे लिटर. वजनात ही हवा फक्त ३०० ग्रॅम! लाइटर सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा पंप खोक्यावर मिनिटाला ३० लिटर सांगतो, म्हणजे आठ-नऊ मिनिटांचं काम, असं वाटतं. पण तो आकडा समोर दाब नसतानाचा असतो. पिस्टन वर जाऊन टेकला तरी सिलिंडरच्या डोक्यात थोडी दाबलेली हवा उरतेच. पिस्टन खाली येताना आधी ती पसरते आणि मगच नवी हवा आत येते. टायर जितका भरत जाईल तितकी ही उरलेली हवा जास्त जागा अडवते. म्हणून शेवटचे पाच पॉइंट सगळ्यात रडवतात.

त्यात उष्णता. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, ते फक्त घर्षणाने नव्हे. हवा दाबताना आपण केलेलं काम तिच्या रेणूंच्या वेगात जातं आणि ती स्वतःच तापते. ३० अंशांची हवा पटकन ३५ पीएसआयपर्यंत दाबली आणि तिची उष्णता कुठेच जाऊ दिली नाही, तर हिशोबाने ती १५० अंशांच्या पुढे जाते. १०० पीएसआयपर्यंत नेली तर २७० अंश. डिझेल इंजिनात ठिणगी न टाकता इंधन पेटतं ते याच तत्त्वावर. फक्त तिथे आपल्याला उष्णता हवी असते आणि इथे ती नको असते. कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या या पंपाचं, डोकं पंख्यासारख्या पाकळ्यांच्या ॲल्युमिनियमचं का असतं, याचं उत्तरही हेच. त्याच्या कागदावर ड्युटी सायकल लिहिलेली असते. ५० टक्के म्हणजे पंधरा मिनिटं चालवा आणि पंधरा मिनिटं थांबा. दुकानात लोक लिटर विचारतात आणि हा आकडा वाचतच नाहीत. मी आधी तोच वाचतो.

आता माझी चूक. छोट्या पंपाला कंटाळून मी मिनिटाला साठेक लिटर देणारा कॉम्प्रेसर आणला आणि डिकीत बसवला. तो १२ व्होल्टवर ३० अँपिअर घेतो, म्हणजे ३६० वॅट. लाइटर सॉकेटचा फ्यूज १०-१५ अँपिअरचा असतो, त्यामुळे वायर थेट बॅटरीपासून ओढायची हे मला ठाऊक होतं. घरी अडीच चौरस मिलिमीटरची वायर पडली होती. डोकं चालवलं: याच वायरवर घरचा २००० वॅटचा गीझर चालतो, मग ३६० वॅट म्हणजे किस झाड की पत्ती!

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, पंप चालू करा आणि वायरीला हात लावून बघा." वायर चांगलीच तापली होती. "वॅट बघू नका, अँपिअर बघा," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. गीझर २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतो. वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह साडेतीनपट झाला, तर उष्णता जवळजवळ बारापट. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर आणि परत पाच, अशा दहा मीटर तांब्यात दोन व्होल्ट गळत होते आणि साठेक वॅट वाया जात होते. गालिच्याखाली जुना पिवळा बल्ब लावून ठेवावा तसा प्रकार. शिवाय मोटरला बाराऐवजी दहाच व्होल्ट मिळत होते, म्हणून ती कुंथत होती. त्याने १० चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि गळती अर्ध्या व्होल्टवर आली. फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरात. कारण फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या तुकड्याला वाली नसतो. मोटरचा मोठा प्रवाह रिले नावाचा विजेवर चालणारा स्विच चालू-बंद करतो; बटणातून फक्त त्या रिलेचा किरकोळ प्रवाह जातो. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर टायर भरतील आणि बॅटरी बसेल.

जागेबद्दल मतभेद आहेत. बरेच जण बॉनेटखाली बसवतात, कारण वायर आखूड लागते. मला ते पटत नाही. इंजिनाशेजारची हवा ७० अंशांची असेल, तर ३० अंशांच्या हवेच्या मानाने ती १२ टक्के विरळ असते. दर ठोक्याला माल कमी आणि डोकं आधीच तापलेलं. डिकीत धूळ मात्र येते. हवेचा फिल्टर अधूनमधून झटकावा लागतो. कॉम्प्रेसरमधून निघणारा पहिला हातभर पाइप स्टीलच्या जाळीचा घ्यावा. निळा पीयू (प्लॅस्टिकचा) पाइप तिथेच लावला, तर तो मऊ पडून सुटतो.

टाकी हवी का, हा प्रश्न हमखास येतो. १० लिटरची टाकी १०० पीएसआयपर्यंत भरली, तर ३२ वर येईपर्यंत ती ४५ लिटरच्या आसपास हवा देते. म्हणजे एक टायरसुद्धा धड भरत नाही. तिचा उपयोग झटक्यासाठी आहे: रिमवरून निसटलेला टायर परत बसवायला किंवा हवेवर चालणारं डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी कळ) पटकन लावायला. त्यासाठी ठराविक दाबाला मोटर बंद-चालू करणारा प्रेशर स्विच आणि तो बिघडला तर जादा हवा सोडून देणारा एक सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हवर पैसे वाचवू नयेत. त्या छोट्या टाकीत नऊ हजार ज्यूलच्या वर ऊर्जा कोंडलेली असते; ७० किलोचा माणूस चार मजले वर न्यायला पुरेल एवढी.

टाकी घेतलीच तर तळाशी पाणी सोडायची तोटी हवी. इगतपुरीच्या पावसात २५ अंशांच्या घनमीटरभर हवेत २३ ग्रॅम वाफ असते. हवा आठपट दाबून थंड झाली की त्यातली थोडीच वाफ टिकते आणि बाकीचं पाणी होतं. अडीचशे लिटरमागे चमचाभर. द्वारका चौकात उभा ट्रक मधूनच "फस्स" करतो ना, त्यात हीच भानगड असते: ब्रेकची टाकी भरली की ड्रायर अडवून ठेवलेलं पाणी हवेच्या झोताने बाहेर फेकतो. गाडीत हवा बाळगायची कल्पना आपली नाहीच. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी आगगाडीच्या हवेच्या ब्रेकचं पेटंट १८६९ साली घेतलं. कसारा घाटात ३७ ला १ अशा उतारावर आजही गाडी आवरायला दाबलेल्या हवेचे ब्रेक लागतातच.

मागच्या डिसेंबरात संध्याकाळी चारही टायर नीट मोजून ३२ वर आणले आणि निफाडला मुक्काम केला. सकाळी काटा २९ दाखवत होता, चारही चाकांत. माझ्या बसवणीवर माझाच विश्वास नाही, म्हणून साबणाचं पाणी घेऊन कुडकुडत प्रत्येक व्हॉल्व्ह तपासला. एकही बुडबुडा नाही. संध्याकाळी टायर ३५ अंशांवर होते, सकाळी १५ वर. दुपारी नाशिकला पोचलो तेव्हा काटा परत ३२ वर.