एक महालक्ष्मी भाद्रपदातली, एक अश्विनातली

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी अमरावतीकडची एक मुलगी राहायला आली. अष्टमीच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "उद्या आमच्याकडे महालक्ष्मी आहे, घागरी फुंकायला ये." ती गोंधळली. "काकू, महालक्ष्म्या तर गेल्या महिन्यातच उठल्या ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. पुण्यात आता इतक्या ठिकाणची माणसं एका जिन्यात राहतात की एकाच नावाचे दोन सण आहेत, हे नीट सांगायलाच हवं.

तिच्या महालक्ष्म्या म्हणजे आपल्या गौरी. विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्याच म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्या तिथी बघत नाहीत, नक्षत्र बघतात: अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. म्हणून त्यांचा दिवस दरवर्षी सरकतो. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि गौरी २१ ला आल्या. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आणि गौरी थेट ३१ ला. ज्यांच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात, त्यांचा मुक्कामही मग तसाच कमी-जास्त होतो.

गौर ही माहेरवाशीण. तिचा सगळा थाट त्यातून येतो. दारातून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी? सोन्यामोत्यांच्या पावलांनी" असं म्हणत घरभर फिरवणं, "इथे काय आहे?" म्हणून कपाटं, धान्याचे डबे दाखवणं. लेकीला घर दाखवतात तसंच. तुळशीबागेत त्या आठवड्यात मुखवटे, हात, छोटे दागिने घ्यायला पाय ठेवायला जागा नसते. देशस्थांकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी, पुरणपोळी, सोळा भाज्या. विदर्भात त्यात आंबील हवीच. कोकणस्थांकडे मात्र पाणवठ्यावरचे पाच किंवा सात खडे, तेही तोंडातून शब्द न काढता आणायचे, आणि नैवेद्याला घावन-घाटलं. पुण्यात नदीवरून खडे आणणं आता कठीण झालंय, अनेक घरी नळाखाली खडे धुऊन तिथूनच वाजतगाजत आणतात. माझ्या मते त्यात काही उणं नाही.

आता अष्टमीची. ही अश्विन शुद्ध अष्टमीला, नवरात्रात, मुख्यतः कोकणस्थांकडे. नवी लग्न झालेली मुलगी पहिली पाच वर्षं दुपारी हिची पूजा करते आणि सोळा पदरांचा दोरा घेते. सोळा पदरांचं सूत भाद्रपदातही असतं, गोंधळ वाढायला तेही एक कारण.

पण मूर्ती बघितली की फरक कळतो. हिचा मुखवटा तांदळाच्या उकडीचा, त्याच दिवशी सोवळ्यात केलेला. माझ्या सासूबाई करायच्या तेव्हा मी पाणी द्यायला शेजारी बसायचे. उकड गरम असतानाच मळायची, हाताला चटके बसतात; निवली की गालावर भेग पडते. नाक चिमटीत वर ओढायचं, ओठ दाबायचे, आणि शेवटी काजळाने डोळे. डोळे रेखले की खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही, हे मी दरवर्षी अनुभवलंय. मग एकावर एक भांडी रचून ती उभी करायची, साडी नेसवायची.

रात्री घागरी. घागर आधी धुपावर पालथी धरून उदवतात, मग दोन्ही हातांनी तोंडाशी धरून फुंकायची. एकीचा घुमार, दुसरीचा, पाच-सहा बायका तालात आल्या की भिंती हलतायत असं वाटतं. भाद्रपदात आपण देवीला जेवू घालतो. इथे जेवणाला तेवढं महत्त्व नाही, इथे जागर आहे. ती पाहुणी नसते, असुरांना मारणारी शक्ती असते, आणि एखादीच्या अंगात वारं आलं तर बाकीच्या तिला नमस्कार करतात. कुणी ते मानो न मानो, एरवी पदर सावरून कोपऱ्यात बसणारी बाई त्या रात्री खोलीच्या मधोमध उभी राहून श्वास संपेपर्यंत घागर फुंकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मी तिसरीच; तिच्यात घटावर मुखवटा आणि पोथी असते, ती सहसा कुणी चुकत नाही.

तर बोलावणं आलं की महिना विचारा. गौरींच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा आणि पोटात जागा ठेवा. अष्टमीला रात्री जेवूनच जा, साडी सुती नेसा, फुगड्या होतातच. घागरीच्या काठावर ओठ घट्ट दाबू नका, काठावरून आडवी फुंकर घाला. पहिल्या दोन-तीन वेळा नुसती हवाच जाते. त्या मुलीचीही गेली. चौथ्या वेळी घागर बोलली.