मोठ्या वर्गाचे अध्यापन

एकाच तासाला शंभर-सव्वाशे किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत. वर्ग किती पटाचा झाला की मोठा म्हणायचा, याचा ठरीव आकडा नाही. शिक्षकाला नावे व चेहरे लक्षात ठेवणे अशक्य होऊ लागले की तो मोठा, असे व्यवहारात धरतात.

सोलापुरात हा प्रश्न मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचा आहे. येथील विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झाले. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. दयानंद (१९४०), संगमेश्वर (१९५३) यांसारखी महाविद्यालये त्याहून कितीतरी जुनी आहेत. विद्यापीठाच्या आवारात पदव्युत्तर वर्ग भरतात, पदवीचा भार महाविद्यालये वाहतात.

नुसते व्याख्यान मोठ्या वर्गात लवकर निकामी होते. पुढचे बाक ऐकतात, मधले लिहून घेतात, मागचे हजेरीपुरते असतात. त्यावर उपाय म्हणून तासाचा काही भाग विद्यार्थ्यांच्या आपसातील चर्चेला दिला जातो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ‘आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गापुढे मांडणी’ हा क्रम सुचवला. हार्वर्डमधील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ पासून बहुपर्यायी प्रश्नांभोवती तास बांधला. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के आली तर चर्चा घ्यावी, कमी आली तर पुन्हा शिकवावे, जास्त आली तर पुढे सरकावे, असा त्यांचा आडाखा.

वाणिज्याच्या वर्गात असा प्रश्न टाकता येतो: सुताचे भाव वाढले, तर टॉवेलच्या बाजारात मागणी-पुरवठ्यापैकी कोणता वक्र (भाव आणि मालाचे प्रमाण यांचा संबंध दाखवणारी रेषा) सरकेल? ‘टॉवेल महागणार, गिऱ्हाईक कमी होणार, म्हणजे मागणीचा’ हे उत्तर हटकून येते. घरी यंत्रमाग असलेला मुलगाही ते देऊ शकतो. प्रत्यक्षात उत्पादनखर्च वाढल्याने पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकतो. मागणीचा वक्र जागचा हलत नाही, गिऱ्हाईक त्याच वक्रावर वर सरकते. ही चूक व्याख्यानातून सहसा निघत नाही. शेजाऱ्याशी हुज्जत घालताना निघते. उत्तरे दाखवायला चार रंगांची कार्डे पुरतात. त्यांना ना नेटवर्क लागते, ना चार्जिंग.

सोलापुरात या चर्चेचा आणखी एक फायदा होतो, आणि तो कमी लेखला जातो. शहराच्या पूर्व भागातली मुले तेलुगूत, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, काही जण दख्खनी उर्दूत एकमेकांना समजावू लागतात. शिक्षकाला या सगळ्या भाषा येणे शक्य नाही. वर्गाला मिळून येतात. हा गोंगाट बेशिस्त समजून दाबला, तर पद्धतीचा गाभाच जातो.

विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. कला व वाणिज्य शाखा त्यात नव्हत्या, हे आकडे सांगताना विसरले जाते.

अभ्यासक्रम मात्र मागे पडतो, कारण एका प्रश्नाला सात-आठ मिनिटे सहज जातात. त्यामुळे व्याख्या, सूत्रे घरी वाचायला देऊन तासाला दोन-तीनच प्रश्न घेणे सोयीचे पडते. शेवटच्या दोन मिनिटांत ‘आज काय कळले नाही’ याची चिठ्ठी लिहून घेता येते; सगळ्या वाचायची गरज नसते, वीस-पंचवीस चाळल्या तरी पुढच्या तासाची सुरुवात कुठून करायची ते समजते.