घर सोडायची तारीख पक्की नाही? मग नोटीस देण्याआधी हे वाचा

(आमच्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेल्या भाडेकरूंसाठी)

बिल्डर म्हणतो दसऱ्याला पझेशन देतो, भोगवटा प्रमाणपत्र अजून हातात नाही, आणि पितृपक्षात सामान हलवायचं नाही असं घरच्यांनी बजावलंय. वाकडपासून सिंहगड रोडपर्यंत अनेक भाडेकरू याच पेचात आमच्याकडे येतात. मालकाला आताच सांगायचं, की थांबायचं?

आधी करारातली लॉक-इन (जितके महिने घर सोडायचं नाही असं ठरलेलं असतं ती मुदत) आणि नोटीस ही दोन कलमं काढून वाचा. लॉक-इन संपायच्या आत घर सोडलं, तर राहिलेल्या महिन्यांचं भाडं भरावं लागेल असं बऱ्याच करारांत असतं. नोटीस बहुधा महिन्याची असते, पण ती पत्रानं द्यायची की ईमेलनं चालते, तेही बघून घ्या. जिन्यात भेटल्यावर तोंडी सांगितलेलं पुढे कुणी धरत नाही.

आमचं स्पष्ट मत असं, की अंदाजानं तारीख टाकून नोटीस देऊ नये. नोटीस गेली की मालक घर दाखवायला लागतात, कुणाकडून तरी टोकन घेतात. मग तुमचं पझेशन लांबलं तरी ‘अजून महिनाभर राहू द्या’ म्हणायला जागा उरत नाही. त्यात मालकांचीही चूक नसते. म्हणून आधी लेखी पूर्वकल्पना द्या. उदाहरणार्थ:

‘आम्ही साधारण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान घर सोडू. नक्की तारीख किमान ३० दिवस आधी लेखी कळवू. हे पत्र म्हणजे करारानुसार दिलेली नोटीस नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं तर हेच पत्र नोटीस म्हणून पुढे केलं जाऊ शकतं.

याच वेळी शेवटच्या महिन्याचं भाडं दिवसांवर घेणार का, हेही विचारा. भाडं २४,००० असेल आणि तुम्ही १२ नोव्हेंबरला निघालात, तर रोजचे ८०० धरून ९,६०० होतात. नोटिशीचे ३० दिवस त्याआधी भरलेले हवेत. मालक हो म्हणाले, तर तसा ईमेल मागून घ्या. समजूतदार मालक बहुतेक वेळा मान्य करतात, मात्र करारात तसं नसेल तर तो तुमचा हक्क नाही.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे कराराची शेवटची तारीख. ११ महिने संपले आणि तुम्ही तिथेच राहिलात, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मालक दुप्पट दरानं भरपाई मागू शकतात. ‘राहा हो, काही घाई नाही’ या शब्दावर विसंबू नका. दोन-तीन महिन्यांचा नवा करार करा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिटवरचं मानीव, म्हणजे प्रत्यक्षात न मिळालेलं पण हिशेबापुरतं धरलेलं व्याजही त्यात धरतात) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अंगठे घरी येऊन घेता येतात. नव्या करारात लॉक-इन ठेवू नका आणि नोटीस १५ दिवसांची करून मागा.

डिपॉझिटमधून शेवटचं भाडं परस्पर वळतं करू नका. महावितरणचं शेवटचं बिल, सोसायटीची थकबाकी, रंगाचे पैसे ठरले असतील तर ते, हा हिशेब चावी देतानाच कागदावर मांडा आणि दोघांच्या सह्या घ्या.

नोटीस पाठवण्याआधी कराराची प्रत आम्हाला दाखवा. कलमं वाचून मसुदा करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.